एक जूनची मुलगी

माझं काम सांगायला सोपं आणि करायला कटकटीचं आहे. लहानपणीच मधुमेह झालेली किंवा जन्मापासून अमुक एखादी गोष्ट शरीराला पचतच नाही अशा आनुवंशिक आजारांची मुलं शोधायची, त्यांच्या घरी जायचं, आईबापांना प्रश्न विचारून फॉर्म भरायचा, बोटातून रक्ताचे थेंब काढून जाड कागदाच्या कार्डावर घ्यायचे आणि मुंबईच्या संशोधनवाल्यांकडे पाठवायचे. डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके माझ्याकडे. मी वाणगावची. सकाळी चारोटीपर्यंत यायचं, तिथून मिळेल त्या इको गाडीत कोंबून घ्यायचं आणि उरलेलं अंतर पायी. पाड्यांवर मला 'टोचणीवाली बाय' म्हणतात. सुरुवातीला मला याचा राग यायचा. राग मला पटकन येतो, हे आधीच सांगून ठेवते.

ही मुलगी तलासरीच्या डोंगराकडच्या एका पाड्यावरची. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती दुसरीत होती. बाप मासेमारीच्या बोटीवर खलाशी, पावसाळा सोडून बाकी सगळे दिवस गुजरातच्या बंदरांकडे. आई पहाटेच्या जीपने सीमेपलीकडच्या कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जायची आणि दिवेलागणीला परत यायची. दिवसभर घरात दोघंच, ती आणि तिचा आजा. आजाला अक्षरओळख नव्हती. पण नातीला इन्सुलिनचं इंजेक्शन तोच द्यायचा, दिवसातून दोनदा, ती तान्ही होती तेव्हापासून.

पहिल्या भेटीत मी त्याची चूक काढायला टपूनच बसले होते. इन्सुलिन थंड ठेवावं लागतं आणि त्या घरात फ्रिज नव्हता. आजाने मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून तिच्यात लहान मडकं बसवलं होतं आणि लहान मडक्यात स्टीलच्या डबीत औषधाची बाटली. वाळू सकाळ-संध्याकाळ शिंपायची. त्या कोपऱ्याकडे कोंबडी फिरकली तरी तो तिच्या अंगावर ओरडायचा. सिरिंजवरचे आकडे वाचता येत नाहीत म्हणून तो रेघा मोजायचा. सकाळी एक मोठी रेघ आणि वर तीन बारक्या, संध्याकाळी मोठीच्या एक खाली. सिरिंज उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून तो इतका वेळ बघत राहायचा की मलाच घाई व्हायची. मी तीनदा तपासलं. तिन्ही वेळा माप बरोबर होतं. मी गुपचूप चहा प्यायले.

पोर त्याच्या मांडीला मांडी लावून बसायची, सदरा वर करायची आणि सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत पाड्यातल्या सगळ्यांच्या चुगल्या सांगायची. कुणाचा बैल कुणाच्या वाडीत शिरला, शाळेत कोण कोणाला चावलं. आजा ऐकायचा, हसायचा, आणि तिचं जेवण होईपर्यंत स्वतः भाकरीला हात लावायचा नाही. आई घरी असली तरी सुई त्याचीच. एकदा तिने "आज मी देते" म्हणून हात पुढे केला, तर म्हणाला, "तू दिसभर उभी राहून आलीस. बस खाली. सुई माझी."

त्या पहिल्या भेटीतच मी फॉर्म भरला. जन्मतारीख आधार कार्डावरून : एक जून. आजार कधी कळला, ते वलसाडकडच्या एका दवाखान्याच्या फाइलवरून. आतले कागद वाळवीने खाल्ले होते, वरचं पुठ्ठ्याचं आवरण तेवढं शिल्लक, पण त्यावर गुजरातीत भरती झाल्याची तारीख स्वच्छ होती. मार्चअखेर. म्हणजे तेव्हा ती दहा महिन्यांची. पुढचा प्रश्न होता : आजार वयाच्या सहा महिन्यांच्या आत कळला का? मी 'नाही'वर टिक केली आणि दुसऱ्या पाड्याकडे निघाले, कारण शेवटची इको गाठायची होती.

हा प्रश्न तिथे उगाच छापलेला नव्हता. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मधुमेह झाला तर तो बहुतेक वेळा इतर मुलांसारखा मधुमेह नसतो. एखाद्या जनुकात बिघाड असतो, आणि त्यातल्या बऱ्याच मुलांना इंजेक्शनची गरजच नसते, गोळीने भागतं. म्हणून आमच्याकडे 'हो'वाल्या मुलांचं रक्त जनुकांच्या तपासणीला जातं आणि 'नाही'वाल्यांचं जात नाही. हे मला पाठ होतं. प्रशिक्षणात मी पहिल्या रांगेत बसले होते.

दोन वर्षं मी त्या घरी जात राहिले आणि त्या पोरीने मला पार आपलंसं करून टाकलं. ती दिसायला काडी आणि बोलायला तिखट. मी वजनकाटा ठेवला की आधी मला त्यावर उभी करायची आणि माझं वजन मोठ्याने सगळ्यांना सांगायची. साखर खाली गेली की यंत्राच्या आधी तिला कळायचं. "बाय, माझे गुडघे पाणी झाले," म्हणायची आणि स्वतःच गूळ तोंडात टाकायची. शेजारच्या घरात तिच्याच वयाची एक मुलगी होती. दोघी कायम एकमेकींच्या गळ्यात. पाड्यावरची शाळा चौथीपर्यंत. पाचवीपासून सगळी मुलं लांबच्या आश्रमशाळेत जातात, तिथेच राहतात, सुट्टीला घरी येतात. या दोघींनी वसतिगृहात शेजारी शेजारी झोपायचं दुसरीतच ठरवून टाकलं होतं.

चौथी झाली. मे महिन्यात आजा तिला घेऊन आश्रमशाळेत गेला. वसतिगृहाचा अधीक्षक माणूस वाईट नव्हता. शंभरावर मुलांची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. रोज दोन वेळा सुई कोण देणार, बाटली कुठे ठेवणार, साखर उतरून पोर बेशुद्ध पडली तर काय, असं त्याने विचारलं आणि हात जोडले. आजाने "मी रोज येऊन देतो" म्हणूनही सांगितलं. सव्वादोन तासांची वाट होती ती, एका बाजूने.

तेव्हापासून पोर बोलेनाशी झाली. मी गेले तेव्हा पडवीत बसून ती कच्च्या पपईला रिकामी सुई टोचत होती. स्वतःची सुई स्वतः द्यायला शिकत होती. शिकलीही असती, पण अधीक्षक तेवढ्यावर ऐकणारा नव्हता. तिने मला विचारलं, "बाय, तुमच्या मुंबईवाल्यांकडे याच्यावर काही नाही का?" मी म्हटलं, शोधतायत. आणि मला त्या अधीक्षकाचा, त्या पपईचा, सगळ्यांचाच राग आला.

एक जूनला मी तिच्यासाठी कंपासपेटी आणि लाल रिबिनी घेऊन गेले. माझाही वाढदिवस कागदावर एक जूनलाच असतो, तेव्हा म्हटलं दोघींचा मिळून करू, पोर जरा हसेल तरी. रिबिनी बघून ती खरंच हसली. आजा मात्र बुचकळ्यात पडला.

"ही कशापायी?"

"वाढदिवस ना आज तिचा."

आजा इतका हसला की त्याला खोकला लागला. "जूनला? जूनला पेरनी आसते, बाय. ही झाली तवा आम्ही खळ्यावर भात झोडत होतो. हिची आय झोडता झोडता उठून घरात गेली, आन् थोड्या वेळानं ही रडली. मी पेंढी टाकून धावलो."

"आणि आधार कार्डावर?"

"ते मास्तरनी लिवलं. पहिलीला सहा वर्सं पुरी लागतात. हिची भरत नव्हती. मास्तर म्हनला, एक जून लिवतो, बरोबर बसल. सगळ्या पोरांचं तसंच हाय."

मी बोटांवर मोजलं. मग परत मोजलं. भाताची झोडणी डिसेंबरात. आजार मार्चअखेर. दहा महिने नव्हे, चार.

मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. कारण माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. मुलं शाळेत यावीत म्हणून त्यांनी आयुष्यभर एक जून वाटला. पोरगं दारात उभं आहे, आईला तारीख माहीत नाही, लिहा एक जून. त्यांनी ते प्रेमानेच केलं. खुद्द माझी जन्मतारीखही त्यांनीच तशी लिहिली. मी जन्मले कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या घरात वाढलेल्या बाईने एका मुलीच्या कार्डावर एक जून पाहिला आणि काहीही न विचारता फॉर्मवर उतरवला. दोन वर्षं ती पोर माझ्या एका 'नाही'पायी सुया खात होती. मी हे आजाला लगेच सांगू शकले नाही. पडवीतून उतरले, विहिरीपर्यंत जाऊन आले, तोंड धुतलं.

मुंबईच्या डॉक्टर मॅडमना तिथूनच फोन लावला. मॅडम हुशार आणि मनाने चांगल्या, पण कागदाशिवाय हलत नाहीत.

"अगं, आजोबांना आठवतंय एवढ्यावर मी काय लिहू? दहा वर्षांपूर्वीची झोडणी? माणसं विसरतात, एका वर्षाचं दुसऱ्या वर्षात घालतात."

"मॅडम, कार्डावरचं खोटं तुम्हाला चालतं आणि खळ्यावरचं खरं चालत नाही?"

मग त्या म्हणाल्या, "ओरडू नकोस. मला एक आधार दे. एकच दे, मी पाठवते."

मी आजासमोर जाऊन बसले आणि विचारलं, पाड्यावर त्याच दिवसांत आणखी कुणी जन्मलं होतं का. त्याला क्षणभरही विचार करावा लागला नाही. त्याने शेजारच्या घराकडे हनुवटी केली.

"ती. हिच्यापेक्षा दोन बाजार मोठी."

त्या पाड्यावर तान्ह्या मुलांची वयं आठवडी बाजाराने मोजतात. बाजार दर आठवड्याला एकदा भरतो, त्यामुळे पोर किती बाजारांचं झालं यात कुणाची गल्लत होत नाही. मोठं झाल्यावरही कोण कोणापेक्षा किती बाजार मोठं, हे बायका विसरत नाहीत, कारण भांडणात ते उपयोगी पडतं. आजाच्या म्हणण्याला पाच बायकांनी पाच ठिकाणांहून होकार दिला. दोनच बाजार. मधल्या बाजारी शेजारणीसाठी सुकट आणली होती हेसुद्धा एकीला आठवत होतं.

आणि शेजारची मुलगी घरी झाली नव्हती. तिची आई अडली होती, म्हणून तिला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. पेटीच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत जन्माचा दाखला निघाला, शिक्क्यासकट. नोव्हेंबरअखेर. शाळेच्या पटावर तीही एक जूनचीच होती, दाखला कुणी मागितलाच नव्हता. मी फोटो काढून मॅडमना पाठवला आणि खाली लिहिलं : ही आमच्या मुलीपेक्षा दोन बाजार मोठी, म्हणजे चौदा दिवस. मॅडमचं उत्तर आलं, "रक्त घे. आईबापांचंही."

बोटी त्या दिवसांत बंद असतात, त्यामुळे बाप घरी सापडला. आईने एक खाडा केला. तिघांचं रक्त गेलं आणि वाट बघणं सुरू झालं. शेजारची मुलगी एकटीच आश्रमशाळेत गेली, भाताच्या आवण्या झाल्या, गणपती गेले. ही रोज संध्याकाळी रिबिनी घालून बसायची आणि मी गेले की विचारायची, "आलं का?" मी नाही म्हणायचे. तोवर मी आजाला माझी चूक सांगून टाकली होती. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मास्तरनी लिवलं, तुम्ही उतरवलं. मलाबी कुठं ठावं होतं की तारखेत औषध हाय." त्यापेक्षा तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

नवरात्रात मॅडमचा फोन आला. बिघाड सापडला होता, आणि तो नेमका गोळीला दाद देणारा होता.

हे आजाला कसं समजवायचं याची मी इकोत उजळणी करत गेले. शेवटी शेतीवरच आले. म्हटलं, "आजा, पाणी शेतात आहे, पण बांधाची मोरी बुजलीय. हिच्या अंगात इन्सुलिन तयार होतं, बाहेर यायचं तोंडच उघडत नाही. गोळी ते उघडते."

त्याने कोपऱ्यातल्या मडक्याकडे बघितलं. "म्हंजे आम्ही दहा वर्सं बाहेरून घागरीनं घातलं."

"तुम्ही घातलं म्हणून पोर राहिली," मी म्हटलं. हे मी त्याचं मन राखायला म्हटलं नव्हतं. चार महिन्यांचं बाळ सुईशिवाय वाचलं नसतं.

गोळी सुरू करताना दवाखान्यात राहावं लागतं. सुई एकदम तोडत नाहीत, दर दिवशी थोडी कमी करत जातात. मुंबईला जाताना आजाने मडकं सोबत घेतलं. मी सांगून दमले की तिथे फ्रिज आहे. "तिथला फ्रिज कोन शिंपतो?" म्हणाला. एसटीत त्याच्या मांडीवर मडकं आणि मडक्याला टेकून झोपलेली नात, अशी आमची वरात निघाली. वॉर्डातल्या सिस्टरने मडक्यात हात घालून बघितला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या सिस्टर ते बघायला येऊन गेल्या. आजा मनातून भलताच सुखावला होता.

गोळीवर मात्र त्याचा विश्वास नव्हता. "एवढीशी?" पहिल्या दिवशी साखर वर गेली तेव्हा त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी नजर चुकवली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पारडं फिरलं. पाचव्या दिवशी सिस्टर अगदी थोडं इन्सुलिन देत होती. सहाव्या दिवशी सकाळी आजाने सुईआधीच्या सवयीने साबणाने हात धुतले आणि तो पलंगाशी येऊन उभा राहिला. मॅडमनी आकडा बघितला, पुन्हा तपासायला सांगितला आणि म्हणाल्या, "आजोबा, आज सुई नाही. उद्याही नाही."

त्याने ओले हात अंगापासून दूर धरले होते, कुठे लागू नयेत म्हणून. तसेच धरून तो उभा राहिला. शेवटी पोरच म्हणाली, "आजा, हात पूस." मॅडम खिडकीकडे वळल्या. मी उघड रडले, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. साखर तपासावी लागते, गोळी ठरल्या वेळेला घ्यावी लागते, रक्त आम्ही अजून पाठवतो. पण गोळ्या अधीक्षक सगळ्यांनाच देतो, त्याला त्याचं भय नव्हतं. दिवाळीची सुट्टी संपल्यावर आजा आणि मी तिला पोचवायला गेलो. शेजारची मैत्रीण फाटकाशीच उभी होती. आजा पिशवीतून काहीतरी काढत होता, काय सांगायचं ते जुळवत होता, आणि ही हात सोडवून जी पळाली ती वळलीच नाही. तिचं बरोबरच होतं. परत येताना आजा चढावर एकदाच थांबला आणि म्हणाला, "सुई होती तवर पोर दिसातून दोनदा माझ्यापाशी बसायची." आम्ही चालत राहिलो.

महिनाभरात अधीक्षकाचा फोन आला. पोर दर रविवारी सकाळची गोळी वेळेवर घेत नाही, हातात धरून बसते, सांगून ऐकत नाही. माझं डोकं फिरलं. एवढं सगळं केलं आणि ही आता नखरे करते! पुढच्या रविवारी मी पहिल्या गाडीने तिथे पोचले, झापायचं सगळं तयार करून. ती फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसली होती, मूठ घट्ट मिटलेली, शेजारी पाण्याचा तांब्या आणि झाकलेली न्याहारीची ताटली. मी सुरू केलं. तिने माझं पूर्ण ऐकून घेतलं.

"सहा दिवस मी घेते ना," ती म्हणाली. "रविवारी आजा देतो."

आणि खरंच, थोड्या वेळाने आजा वळणावर दिसला. काळोखातच घरून निघाला असणार. आल्या आल्या त्याने तांब्यातल्या पाण्याने हात धुतले. ती त्याच्या मांडीला मांडी लावून बसली, मूठ उघडली. त्याने गोळी दोन बोटांत उचलली, उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला.

मी बाजूला जाऊन मॅडमना फोन केला. विचारलं, आठवड्यातून एक दिवस गोळी आणि न्याहारी दोन्ही तासभर उशिरा घेतली तर चालेल का. कशासाठी, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"चालेल," मॅडम म्हणाल्या. "त्यांना सांग, सावकाश या म्हणावं."